साडेतीन हजार डेस्कटॉप विंडोज ११ वर नेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कंपनीत साधारण साडेतीन हजार डेस्कटॉप आहेत, मुख्यालय पुण्यात आहे आणि कारखाने चाकण, वाळूज व नाशिक येथे आहेत. बहुतेक मशीनवर अजूनही विंडोज १० आहे आणि व्यवस्थापनाने सगळे विंडोज ११ वर नेण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली आहे. शिवाय, हार्डवेअरची अट चुकवून जुन्या मशीनवरही विंडोज ११ टाकता येते असे कोणीतरी सांगितल्यामुळे नव्या खरेदीची गरज काय, असाही सवाल वरून आला आहे.

सहा महिन्यांत हे काम होऊ शकते. मात्र त्यातले पहिले दोन महिने एकाही मशीनला हात न लावता केवळ याद्या करण्यात जातील, आणि ते व्यवस्थापनाला आजच सांगून ठेवावे. ऑपरेटिंग सिस्टीम बदलायला बऱ्या स्थितीतल्या मशीनला तास-दीड तास लागतो. खरा वेळ खातो तो त्या मशीनवर वर्षानुवर्षे चालत असलेला, पण आयटी विभागाच्या कोणत्याही नोंदीत नसलेला एखादा प्रोग्रॅम, ज्याच्यावाचून गेट पास निघत नाही आणि ट्रक फाटकाबाहेर पडत नाही. त्यामुळे हे काम ऑपरेटिंग सिस्टीमचे आहे असे न समजता, कोणत्या मशीनवर कोणाचे कोणते काम अडकून आहे हे शोधण्याचे आहे, असे समजून त्याची आखणी करा.

आधी पैशाची बाजू, कारण वरच्यांना तीच आधी कळते. विंडोज १० ला मिळणाऱ्या नियमित सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. त्यानंतरही पॅच हवे असतील तर ईएसयू हा विस्तारित कार्यक्रम विकत घ्यावा लागतो, आणि त्याचा कंपन्यांसाठीचा दर पहिल्या वर्षी प्रति मशीन ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२ आणि तिसऱ्या वर्षी २४४ डॉलर असा दरवर्षी दुप्पट होत जातो. दुसऱ्या वर्षी सामील होणाऱ्याला पहिल्या वर्षाचेही पैसे भरावेच लागतात, त्यामुळे वर्षभर थांबून पैसे वाचवू हा हिशेब चुकतो. तिन्ही वर्षांचे मिळून ४२७ डॉलर होतात, म्हणजे प्रति मशीन पस्तीस हजार रुपयांच्या पुढे, आणि तेवढ्यात कार्यालयीन कामाला पुरेल असा नवा डेस्कटॉप मिळतो. ईएसयू फक्त मागे राहणाऱ्या थोड्या मशीनसाठी, आणि तेही एकाच वर्षाचे धरावे, असे माझे मत आहे. विंडोज १० प्रोचा रीतसर परवाना असलेल्या मशीनला विंडोज ११ साठी वेगळे पैसे पडत नाहीत. खर्च आहे तो हार्डवेअरचा आणि माणसांच्या वेळेचा.

अट चुकवण्याच्या युक्तीबद्दल स्पष्ट लिहितो: घरच्या जुन्या लॅपटॉपवर कोणी ती केली तर तो त्याचा प्रश्न आहे, कंपनीत ती करू नये. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदींत, बदल करून इन्स्टॉल होते हे खरे आहे. परंतु अशा मशीनला पुढचे अपडेट मिळण्याचा हक्क राहत नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्वतःच म्हटले आहे, आणि दरवर्षीची नवी आवृत्ती त्यावर आपोआप येत नाही. २४एच२ या आवृत्तीपासून तर प्रोसेसरमध्ये ठरावीक सूचना-संच (त्याला कळणाऱ्या आज्ञांचा गट) नसल्यास अगदी जुनी मशीन सुरूच होत नाहीत. उद्या काही घडले आणि विमा कंपनीच्या किंवा लेखापरीक्षकाच्या माणसाने विचारले, तर जाणूनबुजून अट डावलल्याचे उत्तर कोणाला तरी सहीनिशी द्यावे लागेल, आणि ती सही बहुधा तुमचीच असेल.

आता हार्डवेअरची यादी. अटी तुम्हाला ठाऊक असतीलच: टीपीएम २.० (गुप्त चाव्या जपणारा सुरक्षा-घटक), यूईएफआय (मशीन सुरू करणारे नव्या पद्धतीचे मूळ सॉफ्टवेअर) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीचीच प्रणाली सुरू होऊ देणारी सोय), किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण, आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेतला वा त्यापुढचा प्रोसेसर. कागदावर ४ जीबी असले तरी कार्यालयात ८ जीबीखाली आणि एसएसडीशिवाय विंडोज ११ देऊ नका. फिरत्या हार्ड डिस्कवर ते चालते, पण माणूस सकाळी मशीन सुरू करून चहा पिऊन येतो. खरेदीच्या तारखेवरूनही निर्णय घेऊ नका, कारण २०१८ मध्ये घेतलेल्या मशीनमध्येही सातव्या पिढीचे प्रोसेसर सर्रास निघतात. एससीसीएम किंवा इंट्यून या मशीन-व्यवस्थापनाच्या साधनांतून प्रोसेसरचे नेमके मॉडेल काढा आणि त्यावरून तीन गट करा: जशी आहेत तशी चालणारी, बायोसमध्ये (मशीनच्या त्या मूळ सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये) बदल करून चालणारी आणि बदलावीच लागणारी.

मधल्या गटावर थोडे थांबतो, कारण अंदाज इथेच कोसळतात. अनेक मशीनमध्ये टीपीएम असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेले असते. इंटेलच्या मशीनवर ते पीटीटी या नावाखाली सापडते आणि एएमडीच्या मशीनवर एफटीपीएम या नावाखाली. डेल, एचपी, लेनोवो या तिघांकडेही बायोसचे पर्याय नेटवर्कवरून एकगठ्ठा बदलण्याची साधने आहेत, परंतु बायोसचा पासवर्ड माहीत असेल तरच ती उपयोगी पडतात, आणि तो पासवर्ड पूर्वीच्या एएमसीवाल्याने, म्हणजे देखभालीच्या कंत्राटदाराने, टाकून ठेवलेला असतो. त्याला आताच फोन करा. दुसरी अडचण डिस्कची आहे. जी मशीन विंडोज ७ च्या काळात आली आणि २०२० च्या सुमारास त्यावरच विंडोज १० चढवले गेले, त्यांची डिस्क अजूनही एमबीआर या विभागणीच्या जुन्या पद्धतीची असते. ती यूईएफआयला लागणाऱ्या जीपीटी पद्धतीत बदलण्यासाठी विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी हे साधन आहे आणि ते डेटा न पुसता काम करते. पण त्याला तीनपेक्षा जास्त प्रायमरी (मुख्य) पार्टिशन, म्हणजे डिस्कचे तुकडे, चालत नाहीत आणि लॉजिकल (पोटविभागातले) पार्टिशन तर एकही चालत नाही. आपल्याकडे मशीन आले की सी, डी, ई असे तुकडे पाडून डीमध्ये काम आणि ईमध्ये बॅकअप ठेवण्याची जुनी सवय आहे, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे डी आणि ई बहुतेक वेळा लॉजिकलच असतात. अशा मशीनवर ते साधन तपासणीतच नकार देते. त्यामुळे तिथे डेटा बाहेर काढून मशीन फॉरमॅट करण्यावाचून इलाज नाही, म्हणजे तास-दीड तासाचे काम अर्ध्या दिवसावर जाते. अशी मशीन किती आहेत हे आधी मोजा, मग मुदत कबूल करा.

बायोसला हात लावण्यापूर्वी बिटलॉकर हे डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करणारे साधन तात्पुरते स्थगित करायला विसरू नये, आणि त्याहीआधी प्रत्येक मशीनची ४८ अंकी रिकव्हरी की (ते कुलूप उघडणारी चावी) अॅक्टिव्ह डिरेक्टरीत (कंपनीच्या युजर-मशीनच्या मध्यवर्ती नोंदीत) खरोखर पोहोचली आहे का हे स्क्रिप्टने तपासावे. की जमा करण्याचे धोरण लागू असले म्हणजे ती जमा झाली असे नव्हे. धोरण लागण्यापूर्वी एन्क्रिप्ट झालेली मशीन त्यातून सुटतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली, तेव्हा उपाय काही मिनिटांचा होता, पण तो प्रत्येक मशीनपाशी जाऊन करावा लागत होता आणि बिटलॉकर असलेल्या मशीनवर आधी ही रिकव्हरी की मागितली जात होती. ज्यांच्याकडे चाव्या हाताशी नव्हत्या त्यांचे हाल जास्त झाले.

दुसरी यादी प्रोग्रॅमची, आणि ती कंट्रोल पॅनेलमधून निघणाऱ्या यादीने पुरी होत नाही. नेटवर्कवरच्या फोल्डरमधून थेट चालणारी एक्झी फाइल, मॅक्रो भरलेली एक्सेल, एका कोपऱ्यातल्या मशीनवरचा पगाराचा प्रोग्रॅम, हे त्यात कुठेच दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक विभागात एक माणूस पाठवून, महिन्याच्या पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत ते काय काय उघडतात हे विचारून लिहून घ्यावे; लेखा विभागाला तर तिमाही आणि मार्चअखेरीचे वेगळे विचारावे, कारण वर्षातून एकदा लागणारी गोष्ट कोणालाच आठवत नाही.

या चौकशीत हमखास सापडणाऱ्या काही गोष्टी आहेत. पहिली डॉस या जुन्या प्रणालीवरच्या फॉक्सप्रो या माहितीसाठ्याच्या साधनाची. ३२ बिट विंडोज १० वर १६ बिट आणि डॉस प्रोग्रॅम चालवण्याची सोय होती. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते, त्यामुळे ती सोय संपली आणि ३२ बिटवरून थेट अपग्रेडही होत नाही. भविष्यनिर्वाह निधीचा किंवा जुन्या कामगारांच्या सेवेचा हिशेब अशा प्रोग्रॅममध्ये असेल तर तो व्हर्च्युअल मशीनमध्ये (मशीनच्या आत चालणाऱ्या आभासी मशीनमध्ये) बंद करून ठेवा आणि त्या मशीनला नेटवर्क देऊ नका. याउलट व्हिज्युअल बेसिक ६ या जुन्या भाषेत कंपनीतच लिहिलेले प्रोग्रॅम बहुधा विनातक्रार चालतात, त्यांची धास्ती घेण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट इंटरनेट एक्स्प्लोररची. विंडोज ११ मध्ये तो स्वतंत्रपणे नाही, परंतु एज या ब्राउझरमध्ये त्याच्यासाठीच्या जुन्या साइट चालवणारा आयई मोड आहे आणि तो किमान २०२९ पर्यंत ठेवण्याचे आश्वासन आहे. कोणत्या साइट त्या मोडमध्ये उघडायच्या याची एकच यादी मध्यवर्ती ठेवून ग्रुप पॉलिसीने (सगळ्या मशीनला एकत्र लागू होणाऱ्या धोरणाने) सगळीकडे पाठवा. युजरला स्वतः पर्याय निवडायला लावले तर तो दर महिन्याला हेल्पडेस्कला फोन करील, कारण स्वतः जोडलेली साइट ठरावीक दिवसांनी यादीतून गळते.

तिसरी गोष्ट डिजिटल सहीच्या टोकनची. जीएसटी, कंपनी मंत्रालयाचे पोर्टल आणि निविदा भरण्यासाठी लागणारे हे यूएसबी टोकन कंपनी सेक्रेटरीच्या किंवा एखाद्या संचालकाच्या मशीनला लावलेले असते. त्याचा ड्रायव्हर, सही करणारी छोटी उपयोजना आणि जिथे लागते तिथे ठरावीक जावा आवृत्ती यांचा मेळ जमला तरच सही होते. ही मशीन अपग्रेड करताना खरी चाचणी सही करूनच घ्यावी. टोकन दिसते आहे यावर समाधान मानू नये.

वजनकाटा आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर यांना मी एकत्र धरतो. फाटकावरचा वजनकाटा सीरियल पोर्ट या जुन्या जोडणीवरून वजन पाठवतो आणि नव्या मशीनला तो पोर्ट नसल्यामुळे यूएसबी कन्व्हर्टर लावला जातो. जुन्या चिपचे काही कन्व्हर्टर ओळखायलाच विंडोज ११ चा ड्रायव्हर नकार देतो, म्हणून आधी एकच आणून तपासा आणि मग खरेदी करा. पूर्वी नेमून दिलेला त्या जोडणीचा कॉम पोर्ट क्रमांक नव्या मशीनवरही तोच ठेवा, कारण वजनाच्या प्रोग्रॅममध्ये तो पक्का लिहिलेला असतो. प्रिंटरचे दुखणे निराळे. छापील चलनाच्या कागदाचे माप विंडोजच्या ठरावीक मापांत नसते. कोणीतरी कधीकाळी प्रिंट सर्व्हरच्या गुणधर्मांत जाऊन त्याचा स्वतंत्र फॉर्म तयार केलेला असतो. जागच्या जागी अपग्रेड केल्यास तो टिकतो, नवे मशीन दिल्यास जातो, आणि मग पहिले चलन नीट येते, पण प्रत्येक पानागणिक मजकूर थोडा थोडा खाली सरकत जाऊन दहाव्या चलनापर्यंत रक्कम सहीच्या जागी छापली जाते. जुन्या मशीनवरच्या त्या फॉर्मची रुंदी, उंची आणि समास लिहून घेणे हे दोन मिनिटांचे काम आहे.

तिसरी यादी नेटवर्कची, आणि ती बहुतेकांच्या आखणीत नसतेच. २४एच२ पासून एसएमबी जोडणीला, म्हणजे नेटवर्कवरचे फोल्डर ज्यावरून उघडतात तिला, डिजिटल स्वाक्षरी अनिवार्य झाली आहे आणि पासवर्डशिवाय उघडणारे पाहुण्यांसाठीचे सामायिक फोल्डर बंद झाले आहेत. परिणामी जुना एनएएस (नेटवर्कवरचा साठवणीचा डबा) उघडत नाही आणि झेरॉक्स मशीनवरून फोल्डरमध्ये येणारे स्कॅन अचानक येईनासे होतात. स्वाक्षरीची अट ग्रुप पॉलिसीने सैल करता येते, पण आधी त्या उपकरणांचे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करून पाहा. एंटरप्राइझ आवृत्तीत २२एच२ पासून क्रेडेन्शियल गार्ड हा पासवर्ड जपणारा बंदोबस्त आपोआप सुरू होतो. तुमचे वायफाय किंवा वायर्ड ८०२.१एक्स (नेटवर्कवर येणाऱ्याची ओळख पटवण्याची पद्धत) पासवर्डवर आधारित, म्हणजे पीईएपी आणि एमएस-चॅप आवृत्ती २ वर चालत असेल, तर विंडोजच्या लॉगिनवरून आपोआप होणारी जोडणी अपग्रेडनंतर बंद पडते. यावर योग्य उपाय प्रमाणपत्रावर आधारित ईएपी-टीएलएस आणणे हाच आहे. त्यालाही दोन-तीन महिने लागतात, म्हणून ते काम याद्यांच्या काळातच सुरू करा.

प्रत्यक्ष अपग्रेडची पद्धत ठरवताना जागच्या जागी अपग्रेडला प्राधान्य द्या. विंडोजच्या सेटअपला केवळ सुसंगती तपासण्याची आज्ञा देऊन तो सगळ्या मशीनवर आधीच पार्श्वभूमीवर चालवता येतो आणि कोणती मशीन कशामुळे अडतील हे कळते. जुन्या विंडोजकडे मागे फिरण्याची मुदत मुळात १० दिवसांची असते. ती आज्ञेने ६० दिवसांपर्यंत वाढवता येते आणि लेखा विभागासाठी ती अवश्य वाढवा, म्हणजे एक पूर्ण महिनाअखेर त्यात बसते.

अपग्रेडच्या फाइल मशीनपर्यंत पोहोचवण्याचे गणित मात्र कागदावर करा. तीनशे मशीनच्या कारखान्यात प्रत्येकी साडेचार जीबी धरले तर १,३५० जीबी होतात, आणि २० एमबीपीएसची लाइन पूर्णवेळ फक्त त्यासाठी वापरली तरी सहा दिवसांहून अधिक लागतात. तेवढे दिवस ईआरपी (कंपनीचा सगळा व्यवहार चालवणारे सॉफ्टवेअर) बंद ठेवायला कोणी तयार होणार नाही. म्हणून प्रत्येक कारखान्यात वितरणाचा एक स्थानिक सर्व्हर ठेवा किंवा मशीननी एकमेकांकडून फाइल घेण्याची सोय सुरू करा. आणखी एक बारकी गोष्ट: रात्री अपग्रेड लावून निघण्यापूर्वी सुरक्षारक्षकाशी बोला. अनेक ठिकाणी रात्री दहानंतर मजल्याचा मेन स्विच बंद करण्याचा नियम असतो आणि त्याची आयटीला खबरही नसते.

चाचणीचा गट आयटीतल्या लोकांचा करण्यात फारसा अर्थ नाही, कारण त्यांच्या मशीनवर अडचणीचे काहीच नसते. आयटीचा गट एक आठवडा पुरे. त्यानंतर प्रत्येक विभागातून, प्रत्येक कारखान्यातून आणि मशीनच्या प्रत्येक मॉडेलमधून थोडी थोडी मिळून तीन ते पाच टक्के मशीन घ्या. त्यात स्टोअरमधला तक्रारखोर म्हणून प्रसिद्ध असलेला माणूस मुद्दाम घ्या. जे इतर सोसून घेतात ते तो सांगतो. हा गट एक महिनाअखेर पार करीपर्यंत पुढे जाऊ नका. काय झाले तर थांबायचे हेही आधी लिहून ठेवा, उदाहरणार्थ चलन छापणे बंद पडले तर त्या कारखान्याचे काम तिथेच थांबेल. ऐन वेळी हा निर्णय घ्यायला कोणी पुढे येत नाही.

लेखा विभागाचे वेळापत्रक तर कायद्यानेच ठरवून दिलेले आहे. टीडीएस भरण्याची मुदत ७ तारखेची, जीएसटीआर-१ या विवरणपत्राची ११, भविष्यनिर्वाह निधीची १५ आणि जीएसटीआर-३बी ची २० तारीख, आणि अखेरचे चार दिवस मालाच्या रवानगीचे. उरतात २१ ते २६, आणि त्यातून रविवार वजा. मार्च पूर्ण सोडून द्या. गणपतीत आणि दिवाळीत कार्यालये रिकामी असतात म्हणून मोह होतो, पण तेव्हा आपली माणसे आणि व्हेंडरची माणसेही नसतात.

कारखान्याच्या मजल्यावरची मशीन या मोजणीतून बाहेर काढा. सीएनसी (संगणकाने चालणारे कापकामाचे यंत्र), स्काडा (यंत्रांवर देखरेख ठेवणारी प्रणाली) किंवा तपासणी यंत्राला जोडलेला संगणक हा त्या यंत्राचाच भाग असतो. उत्पादकाने लेखी मान्यता दिल्याशिवाय त्याला हात लावू नका. अशा ठिकाणी एलटीएससी ही दीर्घ मुदतीची आवृत्ती वापरतात, पण नाव नीट वाचा: विंडोज १० एंटरप्राइझ एलटीएससी २०२१ ची मुदत जानेवारी २०२७ मध्ये संपते, तर यंत्रांसाठीच्या आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१ ची जानेवारी २०३२ पर्यंत आहे, आणि दुसरी बहुधा यंत्रासोबत उत्पादकाकडूनच येते. जे जुने आहे ते वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या अलग भागात, ठेवून, फायरवॉलमधून फक्त आवश्यक तेवढाच मार्ग मोकळा ठेवावा. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा विध्वंसक व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या जाळ्यातून थेट उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या टर्मिनलपर्यंत पोहोचला. पॅच लावलेली मशीनही त्यात गेली, कारण तो मेमरीतून पासवर्ड उचलून शेजारच्या मशीनवर लॉगिन करत होता. सगळ्या डेस्कटॉपवर लोकल अॅडमिनचा एकच पासवर्ड असेल तर आजही हेच होईल. या निमित्ताने विंडोज लॅप्स सुरू करून प्रत्येक मशीनचा पासवर्ड वेगळा करा आणि युजरचे अॅडमिन हक्क काढून घ्या. एरवी हा विषय काढला की प्रत्येक विभागप्रमुख आडवा येतो, आता तो नव्या विंडोजच्या नावावर खपून जातो.

युजरच्या प्रशिक्षणावर फार खर्च करू नका. स्टार्टचे बटण मध्यभागी गेले आहे ते धोरणाने डावीकडे आणा, उजव्या क्लिकचे जुने पर्याय कुठे लपले आहेत ते एका पानावर चित्रासह मराठीत लिहून द्या, आणि मराठी टंकलेखन करणाऱ्यांना इनस्क्रिप्ट की फोनेटिक हे विचारून तोच कीबोर्ड लावून द्या. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये पत्रव्यवहार ठेवणारा प्रशासन विभाग असेल, तर त्या पॅकेजचा डोंगल (मशीनला लावायची परवान्याची चावी) चालतो का ते आधी पाहा. नव्या इन्स्टॉलमध्ये मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षा-सोय सुरू असते आणि ती असले जुने ड्रायव्हर अडवते.

राहता राहिली निवृत्त होणारी मशीन. मोठी कंपनी ई-कचरा नियम, २०२२ प्रमाणे घाऊक ग्राहकात मोडते, त्यामुळे ती भंगारवाल्याला विकता येत नाहीत. टाकून द्यायची मशीन नोंदणीकृत उत्पादक, पुनर्चक्रण करणारा किंवा पुनर्निर्माण करणारा यांच्याकडेच द्यावी लागतात आणि त्याच्या पावत्या जपाव्या लागतात. त्यातली बरी मशीन लिनक्स टाकून शाळांना द्यावीत असा विचार असेल तर तो चांगला आहे, पण डिस्क काढून घेऊनच द्या. काढलेल्या प्रत्येक डिस्कवर मशीनचा क्रमांक, युजरचे नाव आणि तारीख यांची चिठ्ठी लावून ती दोन महिने कुलपात ठेवा, कारण डीमधली अमुक फाइल राहिली असे सांगत कोणीतरी दुसऱ्या महिन्यात येतोच. त्यानंतरच डेटा पुसून किंवा डिस्क नष्ट करून क्रमांकवार प्रमाणपत्र घ्या आणि मालमत्ता नोंदवहीत त्याचा संदर्भ टाका.